राजपुत्राचे तेल

पहाटे लुआन वहिनी सोयाबीनचे दूध गाळते, तेव्हा आमच्या गल्लीत दुसरा कुठलाही आवाज नसतो. भिजलेले दाणे आधीच दळून झालेले असतात. पातेल्यातल्या दुधाला उकळी आली की ती वरची साय बांबूच्या काडीने अलगद उचलून दोरीवर वाळत घालते, दूध जाड कापडातून पिळते आणि चोथा डुकरांच्या बादलीत टाकते. मग हात धुऊन दाराजवळच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्त्या लावते. देव्हाऱ्यात राजपुत्र आहे. गोबऱ्या गालांचा, बालवयाचा, एका पायाखाली वाऱ्याचे चाक आणि दुसऱ्या पायाखाली अग्नीचे. आमच्याकडे गाडी चालवणाऱ्यांचा हाच देव. त्याच्या शेजारी माझ्या भावाचा फोटो असतो. एक उदबत्ती राजपुत्राला, एक पूर्वजांना, आणि उरलेली ती स्कूटरच्या हँडलजवळच्या फटीत खोचते. तिचा धूर विरेपर्यंत दुधाचे कॅन पायदानावर चढलेले असतात.

त्या दिवसांत स्कूटर सुरू झाली की आवाज जाडसर, दबका यायचा. छातीत कफ साठलेल्या माणसाच्या बोलण्यासारखा.

"ऐकलंस, जुंग?" वहिनी मला म्हणायची. "मांजर कशी घुरघुरते! पूर्वी सगळी गल्ली उठायची हिच्या खडखडाटाने."

मी मान हलवायची. मग ती नदीवरच्या पुलाच्या दिशेने निघून जायची. पलीकडे तैवानच्या काओश्युंग शहरातल्या न्याहारीच्या गाड्यांना दूध पोचवायचे म्हणजे रोज खडी वाहणाऱ्या ट्रकांच्या बरोबरीने तो पूल ओलांडायचा. त्याच पुलावर माझा भाऊ गेला होता. खड्डा चुकवायला तो वळला आणि मागून ट्रक आला. तिथे दुचाक्यांसाठी वेगळी वाट असावी, असा अर्ज वस्तीने एकदा केला होता. अर्जाचे पुढे काही झाले नाही. राजपुत्र मात्र हाकेला लगेच धावून आला. निदान उस्ताद काओ तरी असेच सांगत असे.

उस्ताद काओ म्हणे एके काळी मोटारसायकलींच्या शर्यतीत उतरत असे. जळाल्याचा व्रण असलेला एक हात आणि चकाकते चामडी जाकीट, एवढाच त्याचा पुरावा. तो आमच्या मंदिरात पहिल्यांदा आला तो पौर्णिमेच्या दिवशी. अंगणात ही गर्दी. मोठ्या मुखवट्याचे राजपुत्र ढणढणत्या संगीतावर नाचत होते, फटाक्यांच्या धुराने डोळे चुरचुरत होते आणि मधोमध टेबलावर एक यंत्र मांडलेले होते. विजेवर फिरणारे पोलादी चाक, त्यावर टेकणारी पोलादी खुंटी, आणि खुंटी दाबायला लांब दांडा. दांड्याच्या टोकाला वजने अडकवायची.

"या मावशी, या मामा, पुढे या!" उस्ताद ओरडत होता. "तुमच्या स्कूटरला काय पाजता? दुकानातलं पिवळं पाणी! आणि हे काय आहे? रेसिंग ऑइल! ताशी दोनशेच्या वर पळणाऱ्या गाड्यांचं! जे वाघाला पुरतं, ते तुमच्या मांजराला सात जन्म पुरेल!"

"मांजराला वाघाचा खुराक घातलास तर हगवण लागेल की रे!" गर्दीतून शेंगकाका ओरडले. सुपारीच्या गोण्या स्कूटरवर लादून फिरणारे हे आमचे शेजारी. लोक हसले. उस्तादही हसला. लोकांना आपल्यावर हसू द्यायचे आणि मग खिशात घालायचे, ही विद्या त्याला चांगली अवगत होती.

"काका, तुम्हीच या. तुमच्या हातानेच होऊ द्या."

त्याने चाकावर साधे तेल ओतले. शेंगकाकांनी दोन वजने अडकवली, तोच खुंटी किंचाळली, चाक थरथरले आणि थांबले. मग उस्तादने लाल टोपणाची बाटली उघडली आणि त्यातले तेल लावले. दोन वजने, तीन, चार. चाक फिरतच राहिले. शेंगकाकांनी आपले दोन्ही हात दांड्यावर दाबून धरले, तरी ते फिरतच राहिले. उस्तादने फडक्याने चाक पुसून कोरडे केले. तरीही थांबेना.

"तेल पुसलं गेलं, पण शक्ती लोखंडात मुरली!" तो म्हणाला. "आता देवालाच विचारू. माझं काही ऐकू नका."

त्याने लाकडी अर्धचंद्रांची जोडी हातात घेऊन कौल लावला. एक उताणा आणि एक पालथा पडला की देव हो म्हणाला. लागोपाठ तीन होकार मिळाले. त्याआधी दोनदा नकार आला होता. पण तेव्हा "प्रश्न नीट विचारला नव्हता" असे ठरले होते. मग बाटल्यांची टोपली मुख्य धूपपात्रावरून फिरवली गेली, राजपुत्राच्या धुराने न्हाऊन निघाली, आणि लोक रांगेत उभे राहिले. रांगेत सगळ्यात पुढे शेंगकाका होते. त्यांच्यामागे माझी वहिनी.

इथवरचे नुकसान एका वेळच्या मूर्खपणाइतकेच राहिले असते. पण बाटली घेता घेता मंदिर झाडणाऱ्या चिउ आजींनी एक प्रश्न विचारला.

"उस्ताद, हे तेल जुनं झालं की त्याचं काय करायचं? गॅरेजवाला घाणेरड्या पिंपात ओततो. धूपपात्रावरून उतरलेली वस्तू पिंपात ओतायची? प्रसाद टाकत नाहीत बाबा. खायचा असतो तो. माणसाला खाता येत नसेल तर इंजिनाने खावा!"

उस्तादने आजींकडे रोखून पाहिले. हा विचार त्याला सुचला नव्हता, हे मला स्पष्ट दिसले. मग त्याने आजींना वाकून नमस्कार केला.

"आजी, राजपुत्रच बोलला तुमच्या तोंडून! हे तेल काढायचंच नाही. प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेला वरून थोडी भर घालायची. बस्स!"

फसवणारा एक असतो. पण फसवणुकीची सगळ्यात घातक अट त्या दिवशी एका भाबड्या, प्रामाणिक म्हातारीने घातली. आमच्या वस्तीत कोणीही प्रसाद टाकत नाही. मीही टाकत नाही. म्हणूनच त्या अटीला कोणी हरकत घेतली नाही.

मी तंत्रशाळेत रसायनशास्त्र शिकवते. शर्यतीचे तेल वाईट असते असे मी म्हणत नाही. ज्या कामासाठी ते बनवलेले असते त्या कामात ते उत्तमच असते. पण शर्यतीच्या गाडीचे इंजिन शर्यत संपली की खोलतात आणि तेल काढून टाकतात. त्या तेलाला महिनोन्‌महिने टिकायचेच नसते, म्हणून मळ धरून ठेवणारी आणि आम्ल मारणारी द्रव्ये त्यात थोडीच असतात. वहिनीची स्कूटर तर दारोदार थांबते. इंजिन धड तापत नाही, आत पाण्याची वाफ साचते, आणि ते पाणी तेलातच राहते. असे तेल वारंवार बदलायला हवे. इथे तर ते बदलणे पाप ठरले होते.

"वहिनी, आवाज कमी झाला तो तेल घट्ट आहे म्हणून," मी एकदा दुपारी तिला म्हटले. "घट्ट तेलात झिजलेल्या भागांची खडखड ऐकू येत नाही. दुखणं बरं नाही झालं, त्याचं तोंड बांधलंय."

ती सोयाबीन निवडत होती. वर न बघता म्हणाली, "शाळा सुटली ना तुझी? मग शिकवणं बंद कर."

मी तेल भरायचे टोपण काढून तिच्यापुढे धरले. त्याच्या आतल्या बाजूला पिवळट लोणी साचले होते. तेल मोजायच्या पट्टीवरचे थेंब परीक्षानळीत घेऊन त्यात स्वच्छ पाणी घातले, हलवले आणि निळा लिटमस बुडवला. कागद लाल झाला.

"हे आम्ल आहे. लोखंड खातं."

"राजपुत्राचं एक चाक अग्नीचंच आहे," ती म्हणाली. "तिखट असणारच."

"वहिनी!"

"काय वहिनी?" आता तिने वर पाहिले. "तुझा भाऊ गेला त्या दिवशी त्याच्या गाडीत दुकानातलं साधं तेल होतं. तुझ्या पुस्तकातलं, अगदी बरोबर. त्यानं वाचवलं त्याला? मला रोज त्या पुलावरून जावं लागतं, जुंग. मागून ट्रक येतो तेव्हा पाठीत काय होतं ते तुला ठाऊक नाही. हे तेल घातल्यापासून मला तिथं भीती वाटत नाही. तुझ्या नळीत आहे का असं काही?"

माझ्या नळीत तसे काही नव्हते. मी ती धुऊन ठेवली. तिला भीती वाटत नव्हती, हीच मला भीती होती. आता ती ट्रकांच्या मधून जाऊ लागली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेंगकाकांचे इंजिन पुलावर चालत्या गाडीत जाम झाले. मागचे चाक झटका खाऊन अडकले, गोण्यांच्या वजनाने गाडी आडवी झाली आणि काका सरपटत कठड्यावर गेले. मागच्या ट्रकवाल्याने कसाबसा ब्रेक लावला. काका वाचले, एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मला वाटले, आता तरी लोक विचार करतील. लोकांनी विचार केलाच. मंदिरात दोनच प्रश्नांवर चर्चा झाली. काकांनी भर घालायला उशीर केला होता का? आणि उस्तादने मना केलेले गोमांस त्यांनी खाल्ले होते का?

"खाल्लं होतं," काका इस्पितळात मला म्हणाले. उशीजवळ लाल टोपणाची रिकामी बाटली होती. कोणीतरी नवस म्हणून आणून ठेवलेली. "सुनेनं गोमांसाच्या शेवया आणल्या होत्या. अर्धा वाडगा खाल्ला. उस्ताद म्हणाला तेच खरं, बाई. दोष माझाच."

"काका, इंजिन काय शेवया खातं?"

ते हसले, आणि लगेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "बाई, मला हे काढून घेऊ नका. पाय माझ्या चुकीनं गेला म्हटलं की रडता येतं. मी मूर्ख बनलो म्हणून गेला, असं म्हणायला लागलो तर रडताही यायचं नाही."

मी बाटली तशीच उशीजवळ राहू दिली. पण काकांच्या मुलाने त्यांची स्कूटर आमच्या शाळेच्या कार्यशाळेत आणू दिली. आम्ही इंजिन खोलले. तळाशी काळा चिखल होता. तेल वर ओढून घेणारी जाळी त्याने बुजून गेली होती, आणि बेअरिंगवर गंजासारखे खड्डे पडले होते. नव्या बाटलीतले तेल तपासले. तांब्याची तार तापवून त्यात बुडवली आणि ज्योतीत धरली, तेव्हा ज्योत हिरवी झाली. तेलात क्लोरीनचे संयुग मिसळलेले होते. यंत्राचे कोडे सुटले. आम्ही कार्यशाळेत तसलेच यंत्र जोडले आणि घरात सापडेल ते त्यावर ओतून पाहिले.

पुढच्या पौर्णिमेला मी मंदिरात गेले, तेव्हा उस्ताद नेहमीच्या जोमात होता.

"दुर्घटना झाली, मला दुःख आहे!" छातीवर हात ठेवून तो सांगत होता. "पण विचार करा. साधं तेल असतं तर काका जिवंत राहिले असते का? पाय गेला, जीव राहिला. कोणी राखला?"

"राजपुत्रानं!" गर्दी म्हणाली.

मी पुढे झाले. वहिनी सुटे दूध ज्या बाटल्यांतून विकते, त्यांतली एक माझ्या हातात होती. तिच्या सगळ्या बाटल्यांच्या गळ्यात मात्सू मातेच्या मंदिरातला तांबडा दोरा असतो, तसा हिच्याही होता.

"उस्ताद, माझ्याकडचं हे लावून बघता का?"

"काय आहे बाई?"

"आधी लावा. मग सांगते."

त्याची नजर दोऱ्यावर गेली. गर्दीचीही गेली. "मात्सू मातेचं तेल!" कोणीतरी कुजबुजले. मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. समुद्राच्या मातेचा मान बालराजपुत्रापेक्षा मोठा. तिची वस्तू भर अंगणात परतवून लावायची म्हणजे उस्तादला त्याच पावली गाव सोडावे लागले असते. त्याने चाक पुसले, खुंटी बदलली आणि बाटलीतले निळसर द्रव्य ओतले.

वजने मी अडकवली. दोन, तीन, चार. चाक फिरत राहिले. पाचवे अडकवले, जे उस्ताद कधी वापरत नसे. तरी फिरत राहिले. चाकावर पांढरा फेस चढू लागला, फुगला आणि टेबलावर ओघळला.

"समुद्रातल्या नागराजाची लाळ!" चिउ आजींनी हात जोडले. मागून कोणीतरी ओरडून विचारले, "केवढ्याला बाटली?"

आयुष्यात मला इतके एकटे कधी वाटले नव्हते.

"आजी, हा कोंड्याचा शाम्पू आहे," मी म्हणाले. "माझ्या न्हाणीघरातला. वास घेऊन बघा."

आजींनी बोट लावून वास घेतला आणि बोट पदराआड लपवावे तसे बाहीत ओढून घेतले.

"हे यंत्र एकच गोष्ट दाखवतं," मी सांगितले. "पोलाद पोलादावर एका बिंदूत घासलं की तिथं चटका बसण्याइतकं तापतं. त्या चटक्यानं काही द्रव्यं लोखंडावर निसरडा थर धरतात. शाम्पूतलं द्रव्य धरतं. उस्तादांच्या बाटलीतलंही धरतं. म्हणून पुसलं तरी चाक फिरतं. शक्ती मुरत नाही, लोखंड कुरतडलं जातं. तुमच्या इंजिनात भाग असे घासत नाहीत, ते तेलाच्या पातळ थरावर तरंगतात. तो थर टिकायचा तर तेल स्वच्छ हवं आणि वरपर्यंत पोचायला हवं. शेंगकाकांचं पोचलं नाही. आतली जाळी चिखलानं बुजली होती, मी पाहिली. तुमच्यापैकी कोणी शाम्पू घालणार का स्कूटरमध्ये?"

उस्ताद हळूहळू हसू लागला.

"बाई शिकलेल्या आहेत," तो म्हणाला. "पण एक सांगा मंडळी. राजपुत्राच्या मनात आलं तर त्याला शाम्पूकडून चमत्कार करून घेता येत नाही का?"

गर्दी हसली. सुटका झाल्यासारखी हसली. मंदिराचे अध्यक्ष माझ्याजवळ येऊन कडवट आवाजात म्हणाले, "उस्तादांच्या देणगीवर चाललेलं छपराचं काम अर्ध्यावर आहे, फांग बाई. तुमची शाळा देणार आहे का कौलं?" लोक पांगले. काहींनी त्या दिवशीही बाटल्या घेतल्या. उस्ताद मात्र पुन्हा आला नाही. ऐकते की दक्षिणेकडच्या कोळीवाड्यांत आता त्याचे बरे चालले आहे, आणि शाम्पू ओळखता यावा म्हणून तो प्रत्येक बाटलीचा आधी वास घेतो.

आमच्याकडे अजून म्हणतात, शाळेच्या बाईने मंदिराची बरकत घालवली. म्हणोत. मला वाचणाऱ्यांना इतकेच सांगायचे आहे : राजपुत्रावर श्रद्धा ठेवायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण कोणी चमत्कार दाखवला तर, तो ज्या कामासाठी विकला जातो त्याच कामावर त्याची परीक्षा घ्या. त्याने मांडलेल्या टेबलावर नव्हे. आणि अपघातानंतर पडलेल्या माणसाचे पाप शोधू नका. गाडी खोला.

त्या पौर्णिमेला वहिनी गर्दीच्या मागे उभी होती. मला ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळी दूध पोचवायला गेली नाही. मी शाळेला निघत होते, तेव्हा ती देव्हाऱ्यापुढे उभी होती. हातात कौलाचे लाकडी चंद्र होते. ती ते बराच वेळ धरून राहिली. पण तिने ते टाकले नाहीत. जागेवर परत ठेवले, शेजारच्या फोटोवरची धूळ पुसली आणि बाहेर आली.

"तेल काढायचा नट कुठला?"

मी दाखवला. पाना तिने माझ्या हातून घेतला. नट घट्ट होता. तिने पायाने पाना दाबला. तिच्या दूध गाळायच्या जुन्या घमेल्यात तेल पडू लागले. काळे, तारा सुटणारे, आंबट वासाचे. ती शेवटचा थेंब पडेपर्यंत उकिडवी बसून पाहत राहिली.

"हे घेऊन मी पुलावरून जात होते," ती म्हणाली.

मी नट परत घट्ट बसवला.

गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले साधे तेल तिने भरले. स्कूटर सुरू केली, आणि जुनी खडखड सगळ्या गल्लीत घुमली. समोरची खिडकी उघडली.

"झालं, पुन्हा बोंबलायला लागली," मी म्हणाले.

"बोंबलू दे. कुठं दुखतंय ते कळेल तरी. संध्याकाळी दाखवून आणते."

जुने तेल ओतायला गॅरेजला जायचे तर वाट मंदिरावरून जाते. प्रसाद फेकायला निघालेली बाई निदान फडके तरी टाकेल, असे मला वाटले होते. मी तिच्यापुढे जुने कापड धरलेही. तिने ते बाजूला सारले. घमेले दोन्ही हातांनी उचलून ती निघाली. मंदिराच्या पायरीवर चिउ आजी झाडत होत्या. त्या थांबल्या. वहिनीने त्यांना मान लववून नमस्कार केला, चाल कमीजास्त केली नाही, आणि गॅरेजच्या दारातल्या घाणेरड्या पिंपात घमेले उपडे केले.

मग ती परत आली, हात धुतले, दुधाचे कॅन पायदानावर चढवले आणि पुलाकडे गेली. ट्रकांच्या मधून न जाता, कडेकडेने.